पेरीगोरमधील हिवाळा: फ्रान्सच्या ग्रामीण भागात हंगामाबाहेरची सुट्टी कशी आखावी

फ्रान्सच्या ग्रामीण भागाची जी छायाचित्रे आपल्याकडील प्रवासकंपन्यांच्या माहितीपत्रकांत छापली जातात, त्यांतील लॅव्हेंडरची शेते आणि सूर्यफुलांचे मळे जून-जुलैचे असतात. खुद्द फ्रेंच कुटुंबेही जुलै-ऑगस्टमध्येच मोठ्या सुट्टीवर निघत असल्याने त्या काळात घरभाडी चढलेली असतात आणि प्रसिद्ध गावांतील वाहनतळ सकाळीच भरून जातात. नोव्हेंबर ते मार्च या काळात तीच गावे शांत आणि बरीच स्वस्त असतात. पावसाळ्यात कोकणात जाऊन राहिलेल्यांना या सुट्टीचा स्वभाव चटकन समजेल, कारण तेथेही अर्धी दुकाने बंद असतात, बेत पावसाच्या कलाने बदलावे लागतात आणि तरीही जाणकार मंडळी मुद्दाम त्याच दिवसांत जातात.

हा लेख प्रथमच जाणाऱ्यांसाठी असून तो फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील पेरीगोर या एकाच प्रदेशापुरता मर्यादित ठेवला आहे. पेरीगोर म्हणजे प्रशासकीय भाषेत दोर्दोन्य हा जिल्हा. त्याची निवड करण्याचे कारण असे की येथील हिवाळ्याला स्वतःचे पीक, स्वतःचे बाजार आणि छपराखाली पाहण्यासारख्या गोष्टी आहेत. समुद्रकिनाऱ्यावरील गावांप्रमाणे हा प्रदेश उन्हाळा संपताच रिकामा होत नाही. मात्र येथेही अनेक दरवाजे बंद असतात, आणि कोणता दरवाजा कोणत्या वारी किती वाजेपर्यंत उघडा असतो हे आधी समजून घेऊन त्याभोवती आपला आठवडा बांधणे, हेच या सुट्टीचे मुख्य तंत्र आहे.

पहिली पायरी: तारखा निवडणे

नोव्हेंबर ते मार्च हा काळ सरसकट एकसारखा नाही. फ्रेंच शाळांना १ नोव्हेंबरच्या आगेमागे दोन आठवडे, नाताळात दोन आठवडे आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात पुन्हा दोन आठवडे सुट्टी असते. ही शेवटची सुट्टी देशाचे तीन विभाग पाडून आळीपाळीने दिली जात असल्यामुळे तिची गर्दी जवळजवळ महिनाभर, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, पसरलेली असते. या तीन सुट्ट्या टाळल्या की उरतात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस, जानेवारीचे शेवटचे तीन आठवडे आणि सुरुवातीचे दिवस सोडून उरलेला मार्च महिना. खरा हंगामाबाहेरचा काळ हाच.

महाराष्ट्रातील पालकांना साहजिकच दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, परंतु दिवाळी लवकर आली तर ती फ्रेंच सुट्टीवरच येऊन पडते. २०२५ मध्ये नेमके तसे झाले. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असल्याने तो पेच राहत नाही. १ आणि ११ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि दुकाने बहुतांशी बंद असतात, हेही दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावे.

पहिल्याच खेपेस जाणाऱ्याने शक्य असल्यास डिसेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा, असे माझे मत आहे. ट्रफल या सुगंधी भूछत्राचा बाजार तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो, उपाहारगृहांनी आपली वार्षिक रजा अद्याप घेतलेली नसते आणि नाताळची गर्दीही सुरू झालेली नसते. जानेवारीत शांतता अधिक मिळते, पण दारावर ‘फेर्मेत्यूर आन्युएल’, म्हणजे वार्षिक रजा, अशी पाटी लावलेली हॉटेलेही तितकीच अधिक भेटतात. ज्यांना मुख्यतः पायी भटकायचे आहे, त्यांनी मार्च धरावा.

हवामानाविषयी गैरसमज नसावा. येथे बर्फाच्छादित देखावे क्वचितच दिसतात. दिवसाचे तापमान साधारण ८ ते १२ अंश, पहाटे शून्याच्या आसपास, मधूनमधून पाऊस आणि नद्यांच्या खोऱ्यांत सकाळचे दाट धुके, असा हा हिवाळा असतो. थंडीपेक्षा अधिक जाणवतो तो उजेडाचा तुटवडा: डिसेंबरमध्ये सूर्य सुमारे साडेआठला उगवतो आणि पाचनंतर लगेच मावळतो.

दुसरी पायरी: व्हिसा आणि आरक्षणांचा क्रम

भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठीचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा बंधनकारक आहे. ग्रामीण घर भाड्याने घेणाऱ्यांनी घरमालकाकडून पत्ता, तारखा आणि सर्व राहणाऱ्यांची नावे असलेला करार मागून घ्यावा, कारण हॉटेलच्या आरक्षणपत्राऐवजी हाच कागद अर्जासोबत जोडायचा असतो. फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडे उतरणार असाल, तर त्यांना आपल्या गावच्या नगरपालिकेतून, म्हणजे ‘मेरी’तून, ‘आतेस्तासियाँ दाक्य’ हा यजमानपत्राचा दाखला काढावा लागतो. त्यासाठी वेळ लागत असल्याने ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

क्रम असा ठेवावा: आधी घर, मग विमान, मग व्हिसा, आणि रेल्वेची तिकिटे व मोटार सर्वांत शेवटी. हंगामाबाहेर घरे सहज मिळतात, तरी चांगली तापणारी घरे थोडीच असतात.

तिसरी पायरी: मुक्कामाचे गाव

नवख्या प्रवाशाची फसगत होते ती बहुधा येथेच. ला रोक-गाझाक, बेनाक किंवा दोम ही दोर्दोन्य नदीकाठची गावे इतकी देखणी आहेत की तेथेच राहावे असा मोह होतो. परंतु त्यांतील पुष्कळशी घरे शहरवासीयांची सुट्टीपुरती घरे असतात आणि नोव्हेंबरनंतर त्यांच्या खिडक्यांची लाकडी दारे लागलेली असतात. संध्याकाळी सहाला अशा गावात पाव मिळत नाही, कॉफी मिळत नाही आणि रस्त्यावर माणूसही भेटत नाही. ती गावे दिवसा जाऊन पाहण्याची आहेत.

मुक्कामासाठी मी एक साधी कसोटी सुचवतो: ज्या गावात शाळा, औषधांचे दुकान आणि पावाची भट्टी या तिन्ही गोष्टी आहेत, ते गाव बारमाही जिवंत असते. या कसोटीवर सार्ला, वेझेर नदीकाठचे मोंतिन्याक, ले बुग, आणि पश्चिमेकडे रिबेराक ही गावे उतरतात. सार्ला हे त्यांतील सर्वांत सोयीचे. १९६२ मध्ये आंद्रे मालरो सांस्कृतिक कार्यमंत्री असताना ऐतिहासिक वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या पहिल्या लाभार्थ्यांत सार्ला होते. त्यामुळे पिवळसर दगडांची तेथील मध्ययुगीन पेठ सलग टिकून आहे. उन्हाळ्यात तेथे चालायला जागा नसते, डिसेंबरच्या सकाळी मात्र तीच गल्ली शाळेत निघालेल्या मुलांची असते.

एकाच गावी किमान पाच-सहा रात्री राहावे. दर दोन रात्रींनी मुक्काम बदलण्याची आपल्याकडील सहलींची पद्धत हिवाळ्यात अजिबात चालत नाही, कारण आठ-नऊ तासांच्या उजेडातील निम्मा वेळ सामान बांधण्यात आणि किल्ल्या देण्या-घेण्यात जातो.

चौथी पायरी: घर आणि त्याची ऊब

राहण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘झीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह पूर्ण घर, आणि ‘शांब्र दोत’ म्हणजे यजमानांच्या राहत्या घरातील खोली. दुसऱ्या प्रकारात कायद्यानुसार एका घरात पाचपेक्षा अधिक खोल्या देता येत नाहीत आणि सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असते. काही यजमान आधी सांगितल्यास रात्री आपल्याच टेबलावर जेवू घालतात. या जेवणाला ‘ताब्ल दोत’ म्हणतात. एकट्या-दुकट्या प्रवाशाने हिवाळ्यात शांब्र दोतचा विचार अवश्य करावा, कारण हॉटेले बंद असलेल्या रविवारी रात्री गरम जेवणाची सोय त्याच घरात होते. कुटुंबासाठी, आणि विशेषतः शाकाहारी कुटुंबासाठी, झीत बरे.

झीत निवडताना ‘झीत द फ्रान्स’ या १९५५ पासून चालत आलेल्या संघटनेची गव्हाच्या लोंब्यांची श्रेणी पाहता येते. एक ते पाच लोंब्या सुखसोयींचे प्रमाण दाखवतात, पण घर किती उबदार आहे हे त्यांवरून कळत नाही. ते मालकाला लिहूनच विचारावे लागते, आणि प्रश्न नेमके असावेत. तापवण्याची व्यवस्था विजेची आहे, मध्यवर्ती आहे की केवळ लाकडाच्या शेगडीची आहे? तिचा खर्च भाड्यात धरला आहे का? करारात ‘शार्झ कोंप्रीझ’ असे असेल तर तो धरलेला असतो. ‘शोफाझ आं स्यूस’ असे असेल तर वीज किंवा लाकूड वेगळे मोजावे लागते, आणि जुन्या दगडी घरात आठवड्याचा हा आकडा भाड्याचा स्वस्तपणा बऱ्याच अंशी खाऊन टाकू शकतो. चादरी-टॉवेल मिळणार की आपले न्यायचे, शेवटची साफसफाई कोणी करायची आणि अनामत किती, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती एकदा थंडावल्या की त्यांना तापायला पूर्ण दिवस लागतो. म्हणून आपण पोहोचण्याच्या आदल्या संध्याकाळीच ऊब सुरू करून ठेवण्याची विनंती मालकाला करावी. बहुतेक जण ती आनंदाने मान्य करतात. लाकडाची शेगडी असल्यास ती पेटवण्याची रीत मालकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी, ओले लाकूड जाळू नये आणि खोलीतील हवा येण्याची झडप कापडाने बुजवू नये, कारण कोंडलेल्या खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा ठरतो. फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रत्येक राहत्या घरात धुराची सूचना देणारे यंत्र सक्तीचे आहे. आपली मोहरी-हिंगाची फोडणी त्याला आगीसारखीच वाटते, तेव्हा फोडणीपूर्वी स्वयंपाकघराची खिडकी उघडावी.

पाचवी पायरी: पोहोचणे आणि मोटार

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून बोर्दो हे नैर्ऋत्येकडील मोठे शहर वेगवान गाडीने सुमारे दोन तासांवर आहे. काही गाड्या थेट शार्ल द गोल विमानतळाच्या स्थानकातूनही सुटतात आणि सामानासह शहर ओलांडण्याचा त्रास वाचवतात. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी नोंदणीपद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली असल्याने विमान उतरणे आणि गाडी सुटणे यांत चांगले अंतर ठेवावे. बोर्दोहून बेर्झराकमार्गे सार्लापर्यंत प्रादेशिक रेल्वे जाते. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी परक्या देशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने, अंधारात मोटार चालवणे हा शुद्ध अविचार आहे; पहिली रात्र बोर्दोमध्ये काढावी.

मोटारीवाचून राहता येते का? सार्लामध्ये उतरून बाजार, पेठ आणि आसपासच्या पायवाटा एवढ्यावर समाधान मानणार असाल तर येते. पेरिग्यो या जिल्ह्याच्या मुख्य शहराहून लेझेझी आणि ले बुगलाही रेल्वे आहे. पण ग्रामीण बसगाड्यांचे वेळापत्रक मुख्यतः शाळांच्या वेळेनुसार आखलेले असते, म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि रविवारी बहुधा एकही नाही. चार जणांच्या कुटुंबाला मोटार घेणेच परवडते.

त्यासाठी आपल्या मूळ परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्यावा. भाड्याच्या गाड्यांत हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या अजून पुष्कळ असतात. स्वयंचलित गाडी हवी असल्यास ती लवकर सांगून ठेवावी. अनामत रकमेसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागितले जाते. लहान गावांतील गाडी देणारी कार्यालये दुपारी बारा ते दोन बंद असतात आणि रविवारी उघडतच नाहीत, त्यामुळे गाडी घेण्याचा वार आणि वेळ रेल्वेच्या वेळेशी ताडून पाहावी.

रस्त्याचे काही नियम येथे आवर्जून सांगायला हवेत. गावाच्या नावाची लाल कडेची पाटी दिसताच वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर होते, तिच्यासाठी वेगळी पाटी नसते. त्याच नावावर तिरकी रेघ मारलेली पाटी आली की गाव संपले. गावाबाहेरील दुपदरी रस्त्यांवर वेगळी सूचना नसल्यास ८० ची मर्यादा असते. जेथे कोणतीही खूण नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ते एखाद्या बोळातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर का असेना. पेट्रोल बहुधा सुपरमार्केटच्या स्वयंचलित पंपावर भरावे लागते. ‘एसपी ९५’ व ‘एसपी ९८’ ही पेट्रोलची नावे आणि ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. स्वस्त दिसणारे ‘ई ८५’ हे इथेनॉलचे इंधन साध्या गाडीत भरू नये. निघण्यापूर्वीच बँकेकडून कार्डाचे परदेशातील व्यवहार सुरू करून घ्यावेत. पूर्वेकडील ओव्हेर्न्यच्या डोंगरांत शिरायचा बेत असेल, तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तेथील अनेक भागांत हिवाळी टायर किंवा साखळ्या बंधनकारक असतात, हे गाडी घेतानाच सांगावे.

सहावी पायरी: बाजार, जेवण आणि शाकाहार

पेरीगोरमधील आठवडा बाजारावरून मोजावा. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, शनिवारचा मोठा. ले बुगचा मंगळवारी, मोंतिन्याकचा बुधवारी, रिबेराकचा शुक्रवारी, सें-सिप्रियांचा आणि इसिझाकचा रविवारी. हिवाळ्यात दुकाने कमी लागतात, पण जी लागतात ती बहुतेक शेतकऱ्यांची स्वतःची असतात, आणि उन्हाळ्यात पर्यटकांसाठी मांडलेल्या टोप्या-साबणांच्या जागी कांद्याची पात, भोपळे, चेस्टनट आणि अक्रोड दिसतात. पेरीगोरच्या अक्रोडाला २००२ पासून संरक्षित नामांकन आहे. नऊ ते साडेअकरा ही बाजाराची खरी वेळ. बारा वाजता आवराआवर सुरू होते. समोरच्याला आधी ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय भाव विचारू नये. हा केवळ शिष्टाचार नाही, त्यावर पुढचे सगळे वागणे ठरते.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शनिवारी सकाळी सार्लामध्ये आणि सोमवारी सकाळी सेंत-आल्व्हेरमध्ये काळ्या ट्रफलचा बाजार भरतो. ओक वृक्षांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारे हे भूछत्र शिकवलेल्या कुत्र्यांच्या साहाय्याने शोधतात. पूर्वी त्यासाठी डुकरे वापरत. भाव किलोला कित्येकशे युरो, कधी हजाराच्या वरही जातो, पण किलो घ्यायचे कोणाला असते? वीस-तीस ग्रॅमचा एक गोळा दोघा-तिघांना पुरतो. नियंत्रित बाजारातच खरेदी करावी, कारण तेथे विक्रीपूर्वी प्रत्येक टोपलीची तपासणी होते आणि दिसायला सारख्या पण वासाला फिक्या जाती बाजूला काढल्या जातात. घरी आणल्यावर तो गोळा काचेच्या बंद बरणीत अंड्यांसोबत दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावा. सुगंध कवचातून आत उतरतो आणि मग साधे ऑम्लेटही वेगळे लागते. अंडी न खाणाऱ्यांनी अंड्यांच्या जागी लोणी ठेवावे आणि ते गरम भातावर किंवा उकडलेल्या बटाट्यावर घ्यावे. ट्रफल शिजवू मात्र नये, अगदी शेवटी किसून घालावे.

आता शाकाहाराचा प्रश्न, जो येथे पॅरिसपेक्षा बराच अवघड आहे. हा बदकांचा आणि हंसांचा प्रदेश असून त्यांची चरबी हेच येथील पारंपरिक स्वयंपाकाचे तेल आहे. त्यामुळे धोका मांसाच्या पदार्थांत नसतो, ते तर ओळखू येतात. तो निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांत असतो. ‘पोम द तेर सार्लादेझ’ हे लसूण-पार्सली घातलेले खरपूस बटाटे बदकाच्या चरबीत परतलेले असतात. ‘तूराँ’ नावाच्या लसणाच्या सूपमध्येही परंपरेने तीच चरबी असते. पेरीगोरच्या सॅलडमध्ये बदकाचा गिझार्ड, म्हणजे जठराचा मांसल भाग, आणि इतर अनेक सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात. म्हणून केवळ ‘झ स्वी व्हेझेतारियां’, स्त्रियांनी ‘व्हेझेतारियेन’, एवढे म्हणून थांबू नये. पुढे ‘साँ व्हियांद, साँ प्वासाँ, साँ ग्रेस द कानार’, म्हणजे मांस, मासे आणि बदकाची चरबी नको, असे स्पष्ट सांगावे, आणि शक्यतो आदल्या दिवशी दूरध्वनीवरून सांगावे. जनावराच्या जठरातील रेनेट चालत नसेल, तर बहुतेक पारंपरिक चीज वर्ज्य ठरतात. ‘प्रेझ्यूर व्हेझेताल’ असा उल्लेख वेष्टनावर शोधावा.

मांसाहाऱ्यांना अर्थातच मेजवानी आहे. परंतु पक्ष्यांना सक्तीने खाऊ घालून केला जाणारा फोआ ग्रा हा यकृताचा पदार्थ नैतिकदृष्ट्या वादग्रस्त आहे आणि भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली आहे, तेव्हा भेट म्हणून त्याचे डबे आणण्याचा विचार करू नये. परत आणण्याजोगी वस्तू म्हणजे अक्रोडाचे तेल. ते लवकर खवट होते, म्हणून लहान बाटली घ्यावी आणि घरी फ्रिजमध्ये ठेवावी.

जाताना काय न्यावे, याबाबतही एक नियम ठाऊक हवा: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यात तूप, पेढे आणि बर्फीही येतात. मेतकूट, गोडा मसाला, हिंग आणि हळद न्यावी. तेथील सुपरमार्केटमध्ये ‘लांतीय कोराय’ या नावाने मिळणारी नारिंगी डाळ म्हणजे आपली मसूरडाळच. बिनमिठाचे लोणी, म्हणजे ‘ब्यर दू’, आणून कढवले की वरणभातावर तूपही मिळते.

बाहेर जेवायचे असेल तर दुपारीच जेवावे. बारा ते दीड ही वेळ, त्यातही सव्वाबाराला पोहोचणे उत्तम. पावणेदोनला गेल्यास स्वयंपाकघर बंद झाल्याचे उत्तर मिळते आणि त्यापुढे मनधरणीचा उपयोग होत नाही. दिवसाचा ठरावीक बेत साधारण १५ ते २० युरोंत मिळतो आणि तो खाणारे बहुतेक गावातील कामकरीच असल्यामुळे ताजा असतो. रविवारी रात्री आणि सोमवारी बहुतांश उपाहारगृहे बंद असतात. नकाशाच्या अ‍ॅपवर दिसणाऱ्या वेळा पुष्कळदा उन्हाळ्याच्या असतात, त्यांवर विसंबू नये. गावच्या पर्यटन कार्यालयात किंवा घरमालकाकडे विचारावे. सुपरमार्केट रविवारी उघडलेच तर दुपारी साडेबारापर्यंत. पावाच्या भट्टीचाही आठवड्याचा एक सुट्टीचा वार असतो, तो पहिल्याच दिवशी दारावरून टिपून घ्यावा.

सातवी पायरी: दिवसांची मांडणी

धुके दहा-अकरापर्यंत खोऱ्यात रेंगाळत असल्यामुळे सकाळ बाजाराला किंवा गुहेला द्यावी आणि उघड्यावरच्या गोष्टी अकरा ते साडेचार या वेळेत बसवाव्यात. अपवाद दोमचा. १२८१ मध्ये वसवलेले हे तटबंदीचे गाव नदीवरच्या उंच कड्यावर असल्याने पुष्कळदा धुक्याच्या वर राहते आणि खाली खोरे पांढरे भरलेले दिसते. ला रोक-गाझाक दुपारी पाहावे, कारण त्याच्या पाठीशी असलेला दक्षिणमुखी कडा ऊन साठवतो; त्या उबेमुळे तेथे ताड आणि केळीची झाडेही जगतात. नदीवरील जुन्या धाटणीच्या होड्यांच्या फेऱ्या मात्र हिवाळ्यात बंद असतात.

वेझेरचे खोरे हा या सहलीचा गाभा आहे. त्यातील प्रागैतिहासिक स्थळांना १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोंतिन्याकजवळील लास्कोची गुहा सप्टेंबर १९४० मध्ये चार मुलांना सापडली. प्रेक्षकांच्या श्वासांनी आणि सोबत आलेल्या जंतूंनी चित्रे बिघडू लागल्याने १९६३ मध्ये ती लोकांसाठी बंद करण्यात आली. आज आपण पाहतो ती डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली ‘लास्को ४’ ही संपूर्ण प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नये. भिंतीचे उंचसखलपण आणि त्याचा प्राण्यांच्या पाठी-पोटासाठी केलेला वापर तेथे निवांत न्याहाळता येतो, आणि हिवाळ्यातील लहान गटांत ते अधिक चांगले जमते. जानेवारीत ही वास्तू काही आठवडे बंद असते, तारखा आधी पाहाव्यात.

अस्सल चित्रे पाहायची असतील तर लेझेझीजवळील फों-द-गोमला जावे. रंगीत प्रागैतिहासिक चित्रे असलेल्या आणि अजूनही लोकांना आत सोडणाऱ्या फ्रान्समधील मोजक्या गुहांपैकी ही एक. दिवसाला अगदी थोड्या लोकांनाच प्रवेश असतो, उन्हाळ्यात त्याची तिकिटे दुर्मीळ होतात. हंगामाबाहेर येण्याचे हे माझ्या दृष्टीने सर्वांत सबळ कारण आहे. तरी आरक्षण आधीच करावे. लेझेझीचे राष्ट्रीय प्रागैतिहास संग्रहालय हिवाळ्यात मंगळवारी बंद असते. रुफिन्याकची गुहा आणि शेजारच्या लो जिल्ह्यातील पादिराकची भूगर्भनदी हिवाळाभर बंद राहतात, त्यामुळे त्यांना यादीतून काढावे. कास्तेलनोचा किल्ला आणि मार्केसाकची बाग वर्षभर उघडी असते. पाऊस असेल तर किल्ला, ऊन असेल तर बाग, इतकी सोपी निवड ठेवावी.

आठवी पायरी: पायी फिरणे आणि शिकारीचा मोसम

पायवाटांवर झाडांना किंवा दगडांना रंगाच्या खुणा असतात: पांढरी-लाल पट्टी दीर्घ मार्गाची, पिवळी पट्टी गावाभोवतीच्या फेऱ्यांची, आणि फुली दिसली तर वाट चुकली. डिसेंबरमध्ये आठ-दहा किलोमीटरची पिवळी फेरी पुरे, आणि ती चारच्या आत संपवावी.

सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा मोसम असतो, ही गोष्ट आपल्याकडील प्रवाशांच्या कल्पनेतही नसते. रानडुकरे आणि हरणे यांच्यासाठी गावकरी गटाने हाका घालतात, विशेषतः शनिवार-रविवारी. वाटेवर ‘बात्यू आं कूर’ किंवा ‘शास आं कूर’ अशी पाटी दिसली तर मुकाट्याने परत फिरावे. भडक नारिंगी किंवा पिवळे जाकीट घालावे. तसे एक मोटारीत असतेच, कारण फ्रान्समध्ये ते ठेवणे सक्तीचे आहे. जंगलातील भूछत्रे आणि चेस्टनट दिसले म्हणून वेचू नयेत, कारण तेथील बहुतेक रान कोणाच्या तरी खासगी मालकीचे असते.

मोठ्या पावसानंतर दोर्दोन्य आणि वेझेर या दोन्ही नद्या काठावर येतात आणि नदीलगतचे रस्ते बंद होतात. हवामान खाते आणि पूरनियंत्रण खाते हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत इशारे देतात. नारिंगी असेल त्या दिवशी घरी शेगडीपाशी बसावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपात चालतो. ग्रामीण भागात मोबाइलचे जाळे विरळ असल्याने नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत.

नववी पायरी: निघताना

वीज वेगळी आकारली जाणार असेल, तर पोहोचल्या दिवशी मालकासमोर मीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि निघताना पुन्हा तसाच लिहावा. छायाचित्र काढून ठेवल्यास अनामत परत घेताना घासाघीस होत नाही. शेगडीतील राख पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नये. कचरा बहुधा गावाच्या कडेला ठेवलेल्या सामायिक पेट्यांत स्वतः नेऊन टाकावा लागतो आणि काच वेगळी टाकावी लागते, त्याला पंधरा-वीस मिनिटे धरावीत. मोटार परत करण्याचा दिवस रविवार नसावा. शनिवार असेल तर टाकी आदल्या संध्याकाळी भरून, बारा वाजण्यापूर्वी कार्यालयात पोहोचावे आणि दुपारच्या गाडीने बोर्दो गाठावे.